भोंग्याचा मागचा दात

कुंदा,

तू गेल्याची बातमी आमच्या दैनिकात दुसऱ्या दिवशी आली. आतलं पान, खालचा कोपरा, फोटोसह. नाव, वय, शिक्षण, अकोल्यातला जनावरांचा दवाखाना, मागे कोण आहेत, अंत्यविधी कुठे झाला. मीच ती वाचून छपाईला सोडली. त्यात एकही चूक नव्हती. तूही त्यात कुठे नव्हतीस. हा बातमीचा दोष नाही, तिचं काम तेवढंच असतं. तिच्यात न बसलेलं इथे लिहिते.

त्यात पहिलं काम भोंग्याच्या दाताचं. तारीख तूच दिली होतीस. माझा मोठा भाऊ वसंतदादा शुक्रवारी सकाळी त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन तिवस्याहून अकोल्याला येणार, तू भोंग्याला भूल देणार आणि वरचा, डावीकडचा, मागचा दात काढणार, असं ठरलं होतं. तू मंगळवारी गेलीस. बुधवारी दादाचा फोन आला. आधी तो तुझ्याबद्दल बोलला, त्याला जमतं तेवढंच. मग म्हणाला, "शैले, आता भोंग्याले नेत नाही मी. डाक्टरीन म्हनली होती, मी सोता समोर असन. आता समोर कोन हाय?"

 त्याचा प्रश्न बरोबर होता. भोंग्याचं वय झालेलं, दात आत कुजलेला, भूल दिल्याशिवाय तो निघणार नाही आणि भूल दिली तर कुत्रा उठेल की नाही याची खात्री कोणी देणार नाही. दादाने एका माणसाच्या भरवशावर होकार दिला होता, आणि ते माणूस आता नव्हतं.

तुला दादा ठाऊक आहे. हे वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगते. तिवस्यात त्याची शेती आहे, कपाशी, तूर, थोडी संत्री. पण पंचक्रोशीत त्याला ओळखतात ते बैलाचे दात पाहणारा म्हणून. आमच्याकडे बैल घेताना मालकाला वय विचारत नाहीत, कारण मालक खरं सांगणार नाही. बैलाचं तोंड उघडतात. खालच्या ओठामागचे समोरचे दात मोजले की कळतं: दुधाचे असले तर अदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळला. वरच्या बाजूला समोर बैलाला दात नसतातच. त्यामुळे पाहणाऱ्याचा अंगठा आपोआप खालच्या ओठाकडे जातो. दादाचा अंगठा आयुष्यभर तिथेच गेला आहे. गोऱ्हा घ्यायचा असो की जोडी बदलायची, लोक आधी दादाला गाडीवर मागे बसवून नेतात.

भोंग्याच्या डाव्या डोळ्याखाली सूज आली तेव्हा दादा म्हणाला, गांधीलमाशी चावली. वहिनीने हळद लावली. सूज फुटली, वाहिली, वाळली. महिन्याभराने परत आली. मग दादाने बाजारातून डोळ्यात टाकायचं औषध आणलं. त्या रविवारी मी घरी होते. मी फोटो काढून तुला पाठवला आणि तुझा लगेच फोन आला. फोन खाटेवर ठेवून आम्ही तिघंही ऐकत होतो, भोंगा धरून चौघं.

"डोळ्याचं नाही हे," तू म्हणालीस. "दाताचं हाय."

"डोळा कुठं अन् दात कुठं!" दादा हसला.

"दादा, त्या दाताची मुळं लांब असतात. वरतं डोळ्याखाली जातात. मुळापाशी पू झाला की तिथं फुगते. तोंड पाह्यलं का त्याचं?"

"पाह्यलं ना. मायासमोर तोंड उघडलं की मी जनमाचं सन सांगतो. समोरचे सगळे जिथल्या तिथं. एकबी हालत नाही. बैल असता तं म्हनलो असतो, जुळला हाय, घेऊन टाका."

"दादा, तुमी बैल पाहून राहिले. मी कुत्र्याचं विचारून राहिली."

वहिनी खळखळून हसली. दादाला ते आवडलं नाही. त्याने भोंग्याचा खालचा ओठ पुन्हा ओढला आणि मला दाखवला, जणू पुरावा. समोरचे दात खरोखर चांगले होते.

तू गोळ्या सांगितल्यास. सूज उतरली. दादा म्हणाला, झालं बरं. तू म्हणालीस, "गोळीनं पू गेला. दात नाही गेला."

हेच वाक्य तू किती लोकांना किती पद्धतीने सांगितलंस! कौंडण्यपूरच्या यात्रेआधी तू जवळच्या एका गावात रेबीजच्या लसीचं शिबिर घेतलं होतंस. मी वार्ताहर म्हणून आले होते. लस टोचण्याआधी तू प्रत्येक कुत्र्यासमोर उकिडवी बसायचीस, त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायचीस, मग ओठ उचलायचीस. आधी नाक, मग डोळे, मग कानाला नळी. बायका पदराआड हसत होत्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बाई तं कुत्र्याचा मुका घेऊन राहिली वं!" तू वर न पाहता म्हणालीस, "आजी, तुमाले द्यू का?"

मग तू पुरुषांकडे वळलीस. "बैल घेतानी तोंड उघडता, दात मोजता, मंगच पैसा काढता. हा तुमचं घर राखते, याचं तोंड कोनी उघडलं का कदी?"

पुढच्या ओळीतला एक जण म्हणाला, "बाई, कुत्रं का इकाचं हाय?"

"मंग डाक्टर तुमचं तोंड पाह्यते, ते का तुमाले इकाले?"

मांडवात हशा झाला. त्या हशात तू त्याचाच कुत्रा पुढे ओढलास, तोंड मिटलेलंच ठेवून ओठ कानाच्या बाजूला सरकवलास आणि म्हणालीस, "समोरचे नोका पाहू. मांगचे पाहा. समोरचे तं सगळ्याइचेच बरे रायतात." हे वाक्य मी लिहून घेतलं होतं. बातमीत मात्र ते आलं नाही, जागा नव्हती. किती जनावरांना लस दिली आणि कोण पाहुणे होते, एवढं आलं.

यानंतर आपलं भांडण सुरू झालं, आणि ते संपलेलं नाही.

तू लेख घेऊन अमरावतीला आलीस. कुत्र्यांच्या हिरड्यांचा आजार, सामान्य वाचकासाठी. मी आयुष्यात डॉक्टरांचे पुष्कळ लेख तपासले आहेत. बहुतेक लेखांत वाचक रुग्ण असतो आणि लेखक देव. तुझ्या लेखात तसं काही नव्हतं. दातावर जिवाणूंचा पातळ थर रोज बसतो. तो पुसला नाही तर लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो. दगड डोळ्यांना दिसतो, पण नुकसान त्याच्याआड, हिरडीखाली चालू असतं. हिरडी लाल होते, सुजते, दातापासून सुटते, खालचं हाड झिजतं. कुत्रा ओरडत नाही, जेवत राहतो. घरचे म्हणतात, जेवतो ना, मग ठीक आहे. आणि वास? कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच. तू लिहिलं होतंस: येणारच, हे खरं नाही. निरोगी तोंडाला एवढा वास येत नाही. आपण सगळे आजारी तोंडांना सरावलो आहोत.

शेवटून दुसरा परिच्छेद हृदयाचा होता. हिरडीतले जिवाणू रक्तात जातात आणि हृदय, यकृत, मूत्रपिंड खराब करतात, असं तू ठाम लिहिलं होतंस. मी विचारलं, सिद्ध झालं आहे का?

"रक्तात जातात हे झालं हाय."

"हृदय त्यामुळेच खराब होतं, हे?"

"संबंध दिसते. ज्याइचं तोंड खराब, त्याइच्यात हे जास्त सापडते."

"म्हातारी कुत्री असतात ती. म्हातारपणी तोंडही खराब होतं आणि हृदयही. संबंध आहे असं लिहू. कारण आहे असं लिहिणार नाही."

"शैले, हिरडीसाठी कोनी येत नाही वं. हृदय म्हनलं की येतात."

"म्हणूनच लिहिणार नाही."

तू खुर्ची मागे सरकवलीस आणि शेजारच्या टेबलावरच्या उपसंपादकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "निवडनुकीच्या टायमाले तुमचा पेपर इतकाच सोवळा असते का?"

उपसंपादक खोकला. मी तो परिच्छेद काढला. तुला दाखवून काढला, मागून नाही. लेख छापून आला. लोक आले, पण फारसे नाहीत. तू नंतर प्रत्येक फोनवर तो हिशेब माझ्यापुढे ठेवायचीस. नागपूर रस्त्यावरच्या एका बाईंनी कुत्र्याचे सगळे दात पडल्यावर त्याला आणलं. "तू कापलेल्या त्या परिच्छेदानं ते दोन साल आधी आली असती," तू म्हणालीस. मी म्हणाले, याला पुरावा नाही. तू म्हणालीस, पुरावा तिच्या कुत्र्याच्या तोंडात होता, आता तोही नाही.

आज माझं म्हणणं बदललेलं नाही. तू गेलीस म्हणून मी तो परिच्छेद बरोबर ठरवणार नाही. तसं केलं असतं तर तूच पहिली हसली असतीस. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या एका परिच्छेदाखेरीज तुझ्या लेखात मी स्वल्पविरामही हलवला नव्हता. आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नाही. आम्ही ती तोंडाने देत नाही, आणि ज्याला मिळते त्याला बहुधा कळतही नाही. तुला फक्त कापलेलं दिसलं.

अकोल्यात तुझी शोकसभा झाली. एका वक्त्याने तुला मुक्या जनावरांची माय म्हटलं. तू असतीस तर त्याला मंचावरच विचारलं असतंस, तुमच्या मुक्या जनावराचं तोंड शेवटचं कधी पाहिलं? दुसऱ्याने सांगितलं की तुला लहानपणापासून प्राण्यांची आवड होती. ही माहिती चुकीची आहे. तुला लहानपणी कुत्र्यांची भीती वाटायची. तिवस्याच्या शाळेसमोर एक तपकिरी कुत्रा तुझ्या पोटरीला चावला, तेव्हा मी शेजारी होते. मोठी पोरं काठ्या घेऊन त्याच्यामागे धावली. तू ओट्यावर बसलीस, रक्त पुसलंस आणि रडत रडत म्हणालीस, "त्याच्या तोंडाचा लय घाण वास आला वं. त्याचंच काही दुखत असन." ही आठवण मी दुजोऱ्याशिवाय देते आहे. दुसरी साक्षीदार तूच होतीस.

तर, दादा. भुलीला त्याचा नकार होता तो अडाणीपणाचा नव्हता. त्याचा एक बैल शिंगाच्या कर्करोगासाठी भूल देऊन आडवा केला होता, तो उठलाच नाही. वेगळा डॉक्टर, वेगळा काळ, पण दादाने ते समोर उभं राहून पाहिलं होतं. तू त्याची समजूत कशी काढलीस हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काळजी करू नका, काही होत नाही. तू तसं म्हणाली नाहीस. त्याच खाटेवरच्या फोनवरून तू म्हणालीस, "दादा, खात्री मी देत नाही. देनारा खोटारडा. पन आधी रक्त तपासन, हृदय ऐकन, अन् पूर्ण टाइम मी सोता समोर असन."

दादा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "मंग आनतो."

त्या होकाराला बुधवारी आधार उरला नाही. गुरुवारी सकाळी दादाला दुसरा फोन आला. तो मी केला नव्हता. तुझ्याबरोबर काम करणारे डॉ. इरफान यांनी केला होता. ते म्हणाले, "काका, मॅडमनी उद्याची तारीख दिली होती. मी थांबलो आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल, पण मला कळवा." दादाने मला विचारलं, हा माणूस कसा आहे? मी सांगितलं, मला माहीत नाही. कुंदाने त्याला ठेवलं होतं, एवढं माहीत आहे.

शुक्रवारी दादा गाडी करून निघाला. मला अमरावतीत घेतलं. भोंगा मागच्या सीटवर, डोकं माझ्या मांडीवर, डावी बाजू वर. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. अकोल्याच्या वेशीवर दादा म्हणाला, "नुसतं दाखवून आनू."

तुझ्या दवाखान्यात तू तपासताना बसायचीस तो लाकडी पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. डॉ. इरफान यांनी तो घेतला नाही. ते खाली फरशीवर बसले आणि त्यांनी भोंग्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय दिसलं ते ठाऊक नाही, मला शिबिरातली तू दिसलीस.

रक्ताची तपासणी बरी आली. मग त्यांनी छातीला नळी लावली. ऐकलं, जागा बदलली, पुन्हा ऐकलं.

"काका, ठोक्यात थोडा जास्तीचा आवाज आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. फार नाही. भूल देता येईल, पण धोका थोडा वाढतो. हे न सांगता पुढे जाणार नाही."

"मंग राहू द्या," दादा म्हणाला. त्याने साखळी उचलली.

इथे आपलं भांडण पुन्हा उभं राहिलं, कुंदा, तुझ्याच खोलीत. मी डॉ. इरफान यांना विचारलं, हा आवाज दातामुळे असेल का? ते म्हणाले, "मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, दातामुळेच. मी म्हणतो, वयही झालं आहे. सांगता येत नाही." ते म्हणाले ते अचूक होतं. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दादा दारापर्यंत गेला होता. डॉ. इरफान यांनी त्याला अडवलं नाही. फक्त म्हणाले, "नेण्याआधी एकदा तोंड बघून जा. तुम्ही स्वतः बघा." आणि त्याच्या हातात बॅटरी दिली.

दादा परत आला. तोंड पाहायला सांगितल्यावर तो नाही म्हणू शकत नाही. तो वाकला आणि त्याचा अंगठा सरळ खालच्या ओठाकडे गेला. डॉ. इरफान यांनी तो अंगठा धरला, वर नेला, मागे नेला, कानाच्या दिशेला. ओठ उचलला गेला.

मागचा मोठा दात दगडाच्या पिवळ्या-काळ्या कवचाखाली अर्धा गाडलेला होता. वरची हिरडी जांभळी, दातापासून मागे सरकलेली, आणि मूळ उघडं. डॉ. इरफान यांनी बोटाने हलकंच दाबलं. पू आला. भोंगा हलला नाही, फक्त डोळे मिटले.

दादा ते खूप वेळ पाहत राहिला. मग उजवी बाजू उचलून पाहिली, तिकडेही कवच होतं, पण दात धड होता. पुन्हा डावीकडे आला.

"कवापासून असन हे?"

"नक्की सांगता येत नाही. बरेच महिने."

"पन जेवून राहिला होता ना हा."

"एका बाजूने. मान तिरपी करून खातो का?"

दादाने बॅटरी बंद केली. "मले वाटलं," तो म्हणाला, "लाडानं करते."

 मग त्याने विचारलं, "भुलीत समोर कोन असन?"

"मी. पूर्ण वेळ. आणि त्या दाराला काच आहे, तुम्ही तिथे उभे राहा."

"काढा," दादा म्हणाला.

तो काचेपाशी उभा राहिला. त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. आत नळी घातली, सलाईन लावलं, पडद्यावर ठोक्यांची रेघ धावू लागली. आधी हिरडीखालची सगळी घाण काढली, मग दाताचा एक्स-रे घेतला. त्या दाताला तीन मुळं असतात, म्हणून तो कापून तीन तुकड्यांत काढावा लागतो. हे तू मला पूर्वी समजावलं होतंस आणि मी जागेअभावी ते लेखात घेऊ नये असं सुचवलं होतं. तू घ्यायला लावलंस. काचेपाशी मी दादाला तेच समजावलं, बहुधा तुझ्याच शब्दांत. मध्ये एकदा पडद्यावरची रेघ संथ झाली. डॉ. इरफान यांनी मान वर केली, काहीतरी कमी केलं, थांबले. दादाचा हात काचेवर होता. रेघ पूर्ववत झाली.

भोंगा उठला, कुंदा. आधी एक पाय हलला, मग त्याने असा आवाज काढला की बाहेर मांजर घेऊन बसलेली बाई उभी राहिली. त्याचं नाव ज्या आवाजावरून पडलं तो हा नव्हता. गळक्या पंपासारखा काहीतरी होता. दादा आत गेला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "अबे, हौ ना. हौ ना. झालं."

निघताना मी डॉ. इरफान यांना विचारलं, बॅटरी हातात देण्याचं कसं सुचलं? ते म्हणाले, "माझं नाही ते. तारीख दिली तेव्हाच मॅडम म्हणाल्या होत्या, तिवस्याचा माणूस दात बघणारा आहे. त्याला सांगत बसू नको, दाखव."

म्हणजे तू समोर होतीस असं मी लिहिणार नाही. तू नव्हतीस. समोर डॉ. इरफान होते, त्यांनी भूल सांभाळली आणि श्रेय त्यांचं आहे. तू त्यांना शिकवलं होतंस, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही वाक्यं तपासलेली आहेत.

त्या काचेपाशी उभी असताना आपल्या भांडणाबद्दल मला एक गोष्ट दिसली, ती नोंदवते. तुला वाटायचं लोक हृदयाच्या भीतीने येतील. मला वाटायचं लोक अचूक माहितीने येतील. दादाला हृदयाची भीती वाटली तेव्हा त्याने साखळी उचलली. डॉ. इरफान यांचं अचूक उत्तर ऐकूनही तो दारापर्यंत गेलाच होता. तो थांबला तो त्याच्या अंगठ्याखाली जे होतं ते पाहून. हे तुला माझ्या आधी माहीत होतं. मग लेखात हृदयाचा परिच्छेद कशाला घातलास, हे मला विचारायचं आहे. तू काय उत्तर दिलं असतंस तेही मला साधारण माहीत आहे. "पेपरात बॅटरी देता येते का वं?"

भोंगा आता मान सरळ ठेवून जेवतो. सुरुवातीला वहिनी त्याला भाकर दुधात कुस्करून द्यायची, आता तुकडे चालतात. हृदयातला आवाज आहे तसाच आहे. त्याची गोळी सुरू आहे, आणि तो किती जगेल हे कोणी सांगितलेलं नाही. दादा रोज बोटाला ओलं फडकं गुंडाळून त्याचे दात पुसतो. माणसाची टूथपेस्ट लावायची नाही, ती कुत्र्याच्या पोटात जाते आणि अपाय करू शकते, हा तुझ्या लेखातला परिच्छेद तो आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. वहिनी म्हणते, "माये दात दुखले तवा हेइनं लवंगसुद्धा आनून नाही देली."

गेल्या रविवारी मी तिवस्याला होते. शेजारचे बबनराव नवा घेतलेला बैल दाखवायला आणून उभे होते, त्यांचा काळा कुत्रा मागे मागे आलेला. दादाने बैलाचं तोंड उघडलं, खालचा ओठ खाली केला, एका नजरेत म्हणाला, "सहादाती. बरा घेतला." बबनराव खूश झाले आणि निघायला वळले. तेवढ्यात दादाने चुटकी वाजवून त्यांच्या कुत्र्याला बोलावलं. समोर उकिडवा बसला. आधी नाक जवळ नेलं. मग ओठ उचलला, मागून, कानाच्या बाजूने.

बबनराव हसले. "अबे वसंता, कुत्रं का इकाचं हाय मले?"

दादाने वर पाहिलं नाही. "समोरचे नोको पाहू," तो म्हणाला. "मांगचे पाह्य. समोरचे तं सगळ्याइचेच बरे रायतात." मग ओठ तसाच धरून त्याने बबनरावांचा अंगठा मागितला.

हे वाक्य कोणाचं, ते त्याने सांगितलं नाही. त्या शिबिरात तो नव्हता, बहुधा माझ्याकडूनच कधीतरी ऐकलं असेल, आणि आता ते त्याचं झालं आहे. माझी सवय मात्र जात नाही, म्हणून नोंद करून ठेवते. स्रोत : डॉ. कुंदा, अकोला.